न वाजलेली पुंगी

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या नगर जिल्ह्यातल्या लग्नात एक क्षण असा येतो की ज्याची लहानथोर सगळेच वाट पाहत असतात. वरात वेशीतून आत येऊन मारुतीच्या पाराजवळ थांबते, कोणीतरी गर्दीतून हात उंच करून “मास्तर, नागीण होऊ द्या!” असे ओरडतो आणि क्लॅरिनेटवाला दोन पावले पुढे सरकतो. पहिला लांब, थरथरता सूर निघाला की एकजण रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी करतो. दुसरा दोन्ही तळहात डोक्यावर फण्यासारखे धरून त्याच्यापुढे डुलू लागतो आणि थोड्याच वेळात नव्या कपड्यांची पर्वा न करता धुळीत लोळतो. गाण्याचे शब्द कोणी म्हणत नाही. पुष्कळांना ते ठाऊकही नसतात. नुसत्या सुरांवर एवढी माणसे हलवणारी दुसरी धून आपल्या भागात मला तरी माहीत नाही.

ही धून माझी लहानपणापासूनची आवडती. परंतु मी ती वरातीत फारशी ऐकलेली नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. आमचे घर पाथर्डी तालुक्यातले आणि वाजवणाऱ्यांचे. खापरपणजोबा सनई वाजवीत, पणजोबा सनई आणि हलगी दोन्ही वाजवीत आणि माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी चाळीस वर्षे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. घरच्या मुलींनी बँडबरोबर जाण्याची रीत आमच्यात नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती ओसरीवरची ‘नागीण’. तुळशीचे लग्न लागण्याच्या सुमारास आबा पेटीतून क्लॅरिनेट काढीत, फडक्याने पुसून तिचे तुकडे जोडीत, नवी पत्ती ओठांत धरून भिजवीत आणि ती नीट लागली की नाही हे पाहण्यासाठी हीच धून वाजवीत. पत्ती चांगली असेल तर पहिला सूर न तुटता निघे. नसेल तर तो मध्येच किंचाळे आणि आबा दुसरी पत्ती घेत. सूर लागला म्हणजे सुपाऱ्या येणार, इसाराचे पैसे येणार आणि उन्हाळा संपेपर्यंत घरात रोकड दिसणार, एवढे आम्हा मुलांना कळत असे. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. माझ्या वह्यापुस्तकांचा बराचसा खर्च या नागिणीने उचललेला आहे.

मग ही धून आली कोठून? गावात कोणालाही विचारावे, उत्तर एकच मिळते: “गारुड्याची पुंगी हाय ती.” महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात चित्रपटसंगीतावरची पुस्तके चाळताना मात्र जी हकिकत हाती आली ती निराळीच निघाली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू.

१९५४ साली मुंबईच्या फिल्मिस्तान या संस्थेचा ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते नंदलाल जसवंतलाल. प्रमुख भूमिका वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार यांच्या होत्या. सापाचे विष विकून जगणाऱ्या दोन वैरी जमाती, त्यांतल्या एकीचा तरुण पुंगी वाजवतो आणि दुसरीची तरुणी त्या सुरांनी ओढली जाते, असे त्याचे साधे कथानक. गीते राजेंद्र कृष्ण यांची, संगीत हेमंतकुमार यांचे. या संगीतासाठी हेमंतकुमारांना पुढे फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. चित्रपटातले लता मंगेशकरांनी गायिलेले ‘मन डोले’ हे गाणे देशभर गाजले. त्या गाण्याच्या आरंभी आणि कडव्यांच्या मधल्या जागांत जी पुंगी वाजते, तीच आपली नागीण. गाण्यातला शब्दांचा भाग बाजूला पडला आणि मधले नुसते वादन स्वतंत्रपणे गावोगाव फिरू लागले, असे भाग्य फार थोड्या गाण्यांच्या वाट्याला आले असेल.

परंतु गंमत अशी की पडद्यावर जी पुंगी दिसते ती ध्वनिमुद्रणात वाजलेलीच नाही. तो आवाज काढला होता क्लॅव्हिओलिन नावाच्या एका विजेच्या वाद्यावर, आणि वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा. जोडीला हार्मोनियम होती. ती वाजवली हेमंतकुमारांचे तेव्हाचे साहाय्यक रवी यांनी. हे दोघेही पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपाला आले. कल्याणजींनी धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाने अनेक वर्षे चित्रपटांना संगीत दिले. १९९२ साली दोघांना पद्मश्री मिळाली. पण १९५४ साली कल्याणजी केवळ पंचविशीतले एक वादक होते. त्यांचे घराणे गवयांचे नव्हे. कुटुंब मूळचे कच्छचे, वडिलांचे मुंबईत गिरगावात किराणा दुकान. उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी या भावांना गाणे शिकवले, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. कसेही असो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गारुड्याची म्हणून आपण जी पुंगी ऐकतो ती एका वाण्याच्या मुलाने वाजवलेली होती, हे खरे.

आता हे क्लॅव्हिओलिन म्हणजे काय ते पाहू. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली ते तयार केले. दिसायला लहानशी पेटी. तिला पियानोसारख्या तीन सप्तकांच्या पट्ट्या. आवाज बाहेर येण्यासाठी निराळा ध्वनिवर्धक, आणि तो उचलून नेता येण्याजोगा. आत तेव्हाच्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्ह. पट्टी दाबली की विजेचे आंदोलन सुरू होते आणि ध्वनिवर्धकातून सूर उमटतो. पट्ट्यांच्या जवळ खटके असतात. कोणते खटके लावले आहेत त्यावर त्या सुरातले काही अंश पुढे जातात, काही गाळले जातात. त्यामुळे एकच पेटी कधी बासरीसारखी, कधी व्हायोलिनसारखी, कधी नाकातून बोलल्यासारखी वाजते. सुराला थरथर देण्याची सोय वेगळी आणि आवाज कमीजास्त करण्यासाठी गुडघ्याने ढकलायची एक दांडी. एका वेळी मात्र एकच सूर निघतो. हार्मोनियमप्रमाणे दोनतीन पट्ट्या एकदम दाबून उपयोग नाही. पियानो वाजवणाऱ्याला ही मोठीच उणीव वाटेल. पुंगीची नक्कल करणाराचे मात्र तिने काहीच बिघडत नाही.

नक्कल इतकी हुबेहूब का वठली हे समजण्यासाठी खऱ्या पुंगीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्याच्या एका तोंडाने फुंकायचे. दुसऱ्या बाजूला दोन नळ्या मेणाने घट्ट बसवलेल्या. दोन्ही नळ्यांत एकेक पातळ पाती असते आणि हवेने ती थरथरते. एका नळीला बोटांची छिद्रे असतात, तिच्यावर धून निघते. दुसरी एकच सूर धरून ठेवते. पाती भोपळ्याच्या आत असल्यामुळे वाजवणाऱ्याची जीभ तिला लागत नाही आणि म्हणून सूर जिभेने तोडता येत नाही. शिवाय गारुडी गालांत हवा साठवून, ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घेतो. परिणाम असा की पुंगीचा आवाज एकदा सुरू झाला की थांबतच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर सरपटत जातो. आता विजेच्या पेटीला तर श्वास घ्यावाच लागत नाही. पट्टी दाबून ठेवली तोवर सूर चालू, आणि एकेका पट्टीवरून बोट झटक्यात पुढे गेले की सूरही तसाच सरकतो. त्यात थरथर मिसळली, नाकातला आवाज निवडला आणि शेजारच्या सुरांना शिवून परत मूळ सुरावर येण्याची गारुड्याची लकब उचलली, की पुंगी तयार. खऱ्या पुंगीवर जेमतेम एका सप्तकाच्या आसपासचे सूर मिळतात आणि तिची पट्टी ती बनवतानाच ठरून जाते. चित्रपटाच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदाशी जुळवून घेणे तिला अवघड. विजेच्या पेटीला ही अडचण नाही.

येथे सापाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी कंपने त्याला जबड्याच्या हाडांतून जाणवतात आणि हवेतले काही खर्जातले आवाजही तो ओळखतो, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु गारुड्यासमोर नाग डोलतो तो सुरांनी मोहित होऊन नव्हे, तर समोर हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवण्यासाठी. त्याला ती धोक्याची वस्तू वाटते. म्हणजे या साऱ्या प्रकारात सुरांनी खरोखर डोलतो तो माणूसच.

हेच क्लॅव्हिओलिन आठ वर्षांनंतर दूर लंडनमध्ये निराळ्याच कामाला लागले. १० जुलै १९६२ रोजी अमेरिकेने ‘टेलस्टार’ हा दळणवळणाचा उपग्रह आकाशात सोडला. अटलांटिक महासागरापलीकडे दूरचित्रवाणीची चित्रे त्याच्यामार्फत जाऊ लागली. त्याने भारून जाऊन जो मीक या इंग्रज ध्वनिमुद्रकाने ‘टेलस्टार’ याच नावाची एक धून रचली. लंडनमधल्या होलोवे रोडवर कातडी वस्तूंच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो राहत असे आणि तेथेच त्याचा ध्वनिमुद्रणाचा पसारा होता. ‘टॉर्नेडोज’ या वाद्यसमूहाने ती धून वाजवली. तिच्यातही शब्द नाहीत, आणि तिच्यातला मुख्य आवाज क्लॅव्हिओलिनचा आहे. इंग्लंडमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेलीच, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोचली. ब्रिटिश वाद्यसमूहाला हा मान तेथे प्रथमच मिळाला. मी ती ग्रंथालयाच्या संगणकावर कानाला यंत्र लावून ऐकली. पहिले काही क्षण परके वाटले, मग मुख्य धून सुरू झाली आणि आवाज ओळखीचा लागला. तोच नाकातला, सरळ घुसणारा, श्वास न घेणारा सूर! लंडनच्या मुलांना त्यात अंतराळ ऐकू आले आणि आपल्याकडच्या लोकांना त्यात सापाचे वारूळ. यंत्राला आपले म्हणून काही सांगायचे नसते. ऐकणाऱ्याच्या मनात जे असते ते त्यातून बोलते, असे मला या दोन धुनांवरून वाटले.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून ही धून पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यात आली ती तबकड्यांवरून, रेडिओवरून आणि यात्रेतल्या तंबूच्या सिनेमातून. आबांनी ‘नागिन’ पाहिला तो असाच, चित्रपट निघून बरीच वर्षे झाल्यावर, यात्रेत, जमिनीवर बसून. पण धून ते तेथे शिकले नाहीत. ती त्यांना त्यांच्या बँडच्या मास्तरांनी दिली. मास्तरांना ती त्यांच्या आधीच्या मास्तरांनी दिली होती. लिहिलेले काही नव्हते. मास्तर वाजवीत, शिष्य ऐके आणि बोटे शोधून काढी. आपल्याकडे बँड ही मुळात इंग्रजी लष्कराची देणगी, आणि नगरला तर लष्कराची मोठी छावणी. ही पितळी वाद्ये घडवण्यासाठी मेरठ शहर आजही प्रसिद्ध आहे. कवायतीसाठी आलेली ही वाद्ये सनई-हलगी वाजवणाऱ्यांच्या हाती आली आणि त्यांच्यावर लग्नाची गाणी वाजू लागली.

यातली क्लॅरिनेट ही पुंगीची दूरची बहीण लागते, हे मला अलीकडे कळले. दोन्हींत एकच पाती थरथरते. सनईला दोन पात्या असतात, बासरीला एकही नसते. म्हणूनच बँडमधल्या इतक्या वाद्यांपैकी ‘नागीण’ क्लॅरिनेटकडे आली असावी. ट्रम्पेटचा आवाज मोठा खरा, पण सुरावरून सुरावर सरपटणे क्लॅरिनेटला अधिक जमते; ओठ जरा सैल सोडले, बोट छिद्रावरून हळूच उचलले की सूर घसरतो. राहिला प्रश्न श्वासाचा. पेटीला श्वास लागत नव्हता. आबांना लागत होता. येथे घरची सनई उपयोगी पडली. गालांत हवा धरून नाकाने श्वास ओढण्याची सनईवाल्यांची युक्ती आबांना त्यांच्या वडिलांनी लहानपणी शिकवली होती, पाण्याच्या पेल्यात नळी घालून, बुडबुडे थांबू न देता. तीच युक्ती त्यांनी क्लॅरिनेटवर आणली. थोडक्यात काय, तर गारुड्याची लकब विजेच्या पेटीने उचलली आणि पेटीची नक्कल आबांनी पुन्हा श्वासाने केली. तालुक्यातल्या लोकांनी ऐकली ती ही तिसरी पुंगी.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही सगळी हकिकत आबांना वाचून दाखवली. ते भिंतीला टेकून ऐकत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी पुंगी वाजलीच न्हाई म्हण की.”

“नाही आबा. पेटी होती, विजेची.”

“अन् आमी चाळीस वर्सं पुंगी म्हणून वाजवली. लोकं पुंगी म्हणून नाचली. मंग ती पुंगीच झाली आता.” आणि जरा थांबून त्यांनी विचारले, “त्या वाजवणाऱ्याचं नाव व्हतं का गं तबकडीवर?”

मी सांगितले की त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे नाव असे. वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती.

आबा हसले. “आपल्यावानीच की मंग,” एवढेच म्हणाले.

आबांचे हे बोलणे मी विसरू शकले नाही आणि खरे सांगायचे तर हा लेख त्यामुळेच लिहिला गेला. आपल्याकडच्या लग्नपत्रिका पाहा. कार्यवाहक, स्वागतोत्सुक, समस्त भावकी, मामेकुळी यांची नावे असतात. ‘किलबिल’ या सदराखाली दीड वर्षाच्या बाळाचेही नाव असते. मंडपवाला आणि आचारी यांचे नाव एखादे वेळी असते. ज्यांच्या सुरांवर सगळी वरात नाचणार त्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मी कधी पत्रिकेत वाचलेले नाही. त्यांना हाक मारायची ती “ए बँडवाले” किंवा फार तर “मास्तर”. जेवायची पंगतही त्यांची शेवटची. सगळे उठल्यावर, भाजी संपत आल्यावर. याबद्दल आबांनी कधी कोणाला दोष दिल्याचे मी ऐकले नाही, पण त्यांनी त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, क्लॅरिनेट शिकवली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. वडील ऊसतोडीला जातात.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वादकांची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नव्हती. गोव्याहून आलेले कितीतरी उत्तम वादक स्वरलेखन वाचून वाजवीत आणि संगीतकारांच्या कच्च्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढवीत. त्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांचे नाव आज लोकांना ठाऊक आहे ते ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटामुळे; त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी चित्रपटातल्या अँथनीला आपल्या गुरूचे पूर्ण नाव दिले. या वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांच्यावर ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक लिहिले ते ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने. त्याच गृहस्थांनी त्याआधी, २००५ साली, भारतातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ नावाचे सबंध पुस्तक लिहिले आहे. आपल्या दारातल्या बँडवर पुस्तक लिहिण्यासाठी माणूस सातासमुद्रापलीकडून आला, याचे कौतुकही वाटते आणि थोडा संकोचही वाटतो.

आणि खऱ्या पुंगीचे काय झाले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे साप पकडून बाळगणे आणि त्याचे खेळ करणे गुन्हा ठरले. सापांचे हाल थांबले हे योग्यच झाले, त्यांचे दात पाडण्याचे प्रकार फार क्रूर होते. परंतु त्याबरोबर गारुड्याचा धंदा गेला आणि पुंगीही गेली. आमच्या तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे. रंगपंचमीच्या यात्रेला देशभरातून भटक्या जमाती तेथे येतात, म्हणून मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. राजस्थानातले कालबेलिया हे परंपरेने साप पकडणारे लोकही आपला संबंध कानिपनाथांशीच सांगतात. कायद्यानंतर या कालबेलियांनी पुंगीला आपल्या नाचगाण्याची जोड दिली. युनेस्कोने २०१० साली त्यांच्या गाण्यानाचाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या बाजूला मात्र अशी जोड कोणी दिली नाही. माझ्या वयाच्या मुलामुलींना विचारले तर खऱ्या भोपळ्याची पुंगी समोर बसून ऐकलेली फारच थोडी निघतील. आम्हाला पुंगी कशी वाजते हे ठाऊक आहे ते कल्याणजींच्या पेटीवरून आणि आबांसारख्यांच्या क्लॅरिनेटवरून. मूळ निघून गेले आणि त्याची आठवण नकलेने सांभाळली.

आता नक्कल सांभाळणारेही कमी होत चालले आहेत. आधी बँडच्या जागी बेंजो पार्टी आली. टाइपरायटरसारखी बटणे असलेला तो बेंजो मूळच्या एका जपानी वाद्यावरून आपल्याकडे आलेला. त्याला तारा असल्या तरी वाजवायला माणूस लागतच असे. मग कीबोर्ड आला, आणि आता डीजे. डीजेच्या गाडीवर एक मुलगा बटण दाबतो, ‘नागीण’ वाजते, माणसे पूर्वीसारखीच धुळीत लोळतात. दहापंधरा वादकांची बिदागी देण्यापेक्षा हे स्वस्त पडते, त्यामुळे लग्नघरच्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. दुष्काळी भागात मुलीचे लग्न करणाऱ्याला पैचा हिशेब करावाच लागतो. ‘ही धून जन्मली तीच यंत्रातून, मग परत यंत्रात गेली तर बिघडले काय?’ असा प्रश्न माझ्या एका वर्गमैत्रिणीने विचारला. प्रश्न बरोबर आहे. त्याचे माझे उत्तर असे: १९५४ च्या यंत्रापुढे एक माणूस बसलेला होता. कुठे थांबायचे, कोणत्या सुरावर किती थरथरायचे हे त्याची बोटे ठरवीत होती. आबांची ‘नागीण’ सुद्धा दर वरातीत वेगळी असे. नाचणारा तरबेज असला तर ते शेवटचा सूर लांबवीत. नाचणारा दमला असे दिसले तर लवकर आटपते घेत. नवरीची आई रडायला लागली की धून तेथेच थांबवून दुसरे गाणे धरीत. डीजेची ‘नागीण’ कोणाकडे पाहत नाही. पुंगी खरी की खोटी, हा भेद मला आता महत्त्वाचा वाटत नाही. वाजवणारा समोरच्याला पाहतो आहे की नाही, हा वाटतो.

या सुट्टीपासून मी एक वही घातली आहे. तीत आमच्या तालुक्यातल्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांची नावे लिहिते: नाव, गाव, वाद्य, कोणत्या सालापासून वाजवतात. आबांनी सांगितलेली अकरा नावे झाली आहेत. त्यांतले चारजण हयात नाहीत. उरलेल्यांकडे मी एकेक करून जाते आहे. घरच्यांना आधी हे खुळ वाटले. आता आईच “अमक्या वस्तीवरचं एक नाव राहिलं बघ” अशी आठवण करून देते. वहीत शेवटचा रकाना आहे, ‘नागीण कोणाकडून शिकलात?’ त्या रकान्यात एकाच्या मास्तराचे नाव येते, त्या मास्तराच्या मास्तराचे येते, आणि दोनतीन पायऱ्यांनंतर उत्तर थांबते. माझ्यासारखी वाजवणाऱ्यांच्या घरातली मुले या महाविद्यालयात आणखीही असतील. श्रीगोंदा, जामखेड, शेवगाव, नेवासे, अकोले अशा सगळ्या तालुक्यांतून आपण येथे येतो. प्रत्येकाच्या गावात अशी चारदोन नावे आहेत आणि ती सांगणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. ज्यांना वाटेल त्यांनी आपापल्या गावची नावे मला आणून द्यावीत. माझ्या वहीत पाने पुष्कळ शिल्लक आहेत.